निळीच्या पुडीतला अर्जेंटिना

त्या आठवड्यात गावातल्या दोन्ही दुकानांतली नीळ संपली. २०२२ चा डिसेंबर होता. एरवी नीळ खपते ती म्हाताऱ्यांच्या धोतरांना, मास्तरांच्या शर्टांना, नाहीतर सणाआधी भिंतीला मारायच्या चुन्यात कालवायला. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे दुकानदाराला वाटलं, कुणा उमेदवाराने घर रंगवायला काढलं असेल. पण पुड्या न्यायला येत होती ती पाचवी ते आठवीतली लेकरं, मुठीत सुट्टे पैसे घेऊन. कशाला पाहिजे विचारलं की उत्तर एकच, "अर्जेंटिना करायचाय."

कतारच्या विश्वचषकाची अंतिम लढत १८ डिसेंबरला, रविवारी, आपल्या रात्री साडेआठला होती. ती बघायला सगळे आमच्या ओसरीत जमणार होते, कारण टीव्ही मोठा, इन्व्हर्टर चालू आणि आईला लेकरांच्या आवाजाचा त्रास होत नाही. मतदानासाठी म्हणून मी चार दिवस आधीच गावी आले होते. आले ती थेट या कामात सापडले. अर्जेंटिनाने क्रोएशियाला हरवल्याचं १४ तारखेच्या सकाळी कळलं आणि तिथून रविवार संध्याकाळपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पेच रंगाचा होता. अर्जेंटिनाच्या झेंड्यात वर आणि खाली फिकट आभाळी पट्टा, मधे पांढरा. हा आभाळी रंग आमच्याकडे कागदात मिळत नाही. तालुक्याच्या बाजारात जिलेटिनचा आणि घोटीव कागद आहे तो भगवा, हिरवा, लाल, पिवळा आणि गडद निळा. आमच्या भागात रंगाला मालक असतो. भगवा शिवजयंतीला, गडद निळा १४ एप्रिलला, हिरवा उरुसाला आणि ईदला. दुकानदार त्या त्या महिन्यात तो तो माल भरतो आणि उरलेला बांधून ठेवतो. निवडणुकीत तर उपरण्याचा रंग बघून चहा मिळतो की नाही ते ठरतं. आभाळी रंगाला आमच्याकडे कुणी वाली नाही. म्हणून तो कुणी विकत नाही, आणि म्हणूनच तो घरी करावा लागला.

निळीचा विचार एका सातवीतल्या मुलीचा. तिची आजी चुन्यात नीळ घालते तेव्हा भिंत जशी दिसते तसाच मेस्सीचा शर्ट आहे, असं तिचं म्हणणं. मी भिंतीकडे पाहिलं आणि मला ते पटलं. जरा जास्त नीळ पडलेली, उन्हात दोन वर्षं उतरलेली भिंत म्हणजे अगदी तोच रंग. प्रश्न कापडाचा राहिला. आईने ट्रंक उघडली आणि दादांची धोतरं बाहेर काढली. दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. ती धोतरं तिने कुणाला दिली नव्हती, वापरातही काढली नव्हती. डांबराच्या गोळ्यांचा वास येणाऱ्या त्या घड्या तिने ओसरीत ठेवल्या आणि एकच अट घातली, "कात्री लावायची नाही बघा. नीळ लावा, काय करायचं ते करा. नीळ धुतली की जाती."

निळीचा रंग पक्का नसतो, हा एरवी तिचा दोष. आमच्या कामाला तोच उपयोगी पडला. दादांचं धोतर एका रात्रीपुरतं परक्या देशाला द्यायचं आणि सोमवारी धुऊन परत ट्रंकेत ठेवायचं, एवढा व्यवहार आईला मान्य होता. बादलीत किती पाणी, किती पुड्या, याचे प्रयोग पोरांनी आधी जुन्या बनियनवर केले. पहिल्यांदा डाग पडले, कारण पुडी सरळ बादलीत टाकली होती. मग आईने दाखवलं की नीळ फडक्यात बांधून पाण्यात हलवत हलवत सोडायची असते, आणि कापड कोरडं नाही, ओलं करून बुडवायचं असतं. धोतराचा मधला भाग पांढरा ठेवायचा म्हणून दोन मुलांनी तो वर धरून ठेवायचा आणि दोघांनी कडा बुडवायच्या. पाण्यात बुडवलेल्या कडेची नीळ धाग्याधाग्याने वर चढते, त्यामुळे पट्ट्याची रेघ सरळ येत नाही, लाटेसारखी येते. मला ती छापील रेघेपेक्षा सुंदर वाटली आणि आजही वाटते.

ही लेकरं कोण होती, ते सांगितलं पाहिजे. आमचं गाव धारूर आणि वडवणीच्या मधल्या बालाघाटच्या डोंगरातलं. जमीन मुरमाड, पाणी पावसाचं. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली माणसं टोळ्या करून कारखान्यांकडे निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, खाली बेळगावपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, रात्री कोपीत झोपायचं. त्या वर्षी गाळप ऑक्टोबरच्या मध्यातच सुरू झालं. लक्ष्मीपूजन होतं २४ ऑक्टोबरला. म्हणजे अर्ध्या घरांची दिवाळी आजी आणि नातवंडांनीच केली. जी लेकरं सोबत नेली जात नाहीत ती म्हाताऱ्यांपाशी राहतात, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. आमच्या ओसरीतल्या बहुतेकांचे आई-बाप फडात होते.

विश्वचषक नेहमी जून-जुलैत होतो. त्या वेळी टोळ्या परत आलेल्या असतात, पेरणीची धांदल असते, घरं भरलेली असतात. पण कतारचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. त्यात नव्वद मिनिटं धावणं खेळाडूंच्या जिवावर बेतेल, म्हणून २०१५ मध्येच फिफाने ही स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात नेली. युरोपातले क्लब त्यावर किती चिडले ते वर्तमानपत्रांत आलं होतं. त्या निर्णयाचा एक परिणाम मात्र कुठेच छापून आला नाही. आखातातल्या उन्हामुळे विश्वचषक ऐन गाळपाच्या हंगामात आला आणि बीडच्या डोंगरातल्या लेकरांनी तो आई-बापांवाचून पाहिला.

बीड जिल्हा काही फुटबॉलचा नाही. आमच्याकडे कुस्ती, कबड्डी, क्रिकेट. धावण्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं होतं, त्यामुळे पोरं सकाळी रस्त्याने पळताना दिसायची. फुटबॉल आला तो दोन वाटांनी. एक वाट सरकारी. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरला, नव्या मुंबईतही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला आणि शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. आमच्या शाळेत आलेला चेंडू बोराट्यांच्या मैदानात जितका टिकायचा तितका टिकला. पण पायाने खेळायची चटक तो लावून गेला.

दुसरी वाट उसाची. कोल्हापूरकडे गेलेली माणसं तिथलं जग मोबाईलवर पाठवतात. त्या शहरात फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि पेठा पेठांशी भांडतात. विश्वचषक आला की तिथल्या गल्ल्यांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे दोरीला चढतात, भिंती रंगतात. आमच्या गावातला एक कोयता त्या साली कोल्हापूरजवळच्या फडात होता. त्यातल्या बापाने बाजाराला गेल्यावर एका गल्लीचा व्हिडिओ काढला आणि पोराला पाठवला. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आभाळी पताका, खाली मोटारसायकली, मधे एक म्हैस. शेवटी त्याचा आवाज, "बग, कसं केलंय." ओसरीतल्या पताका सुरू झाल्या त्या या व्हिडिओपासून. पोराने तो कितीदा लावला याला हिशेब नाही. मला वाटतं, तो पताका कमी आणि शेवटचा आवाज जास्त ऐकत होता.

धोतरं दारावर आणि टीव्हीमागच्या भिंतीवर गेली. पताका कागदाच्या करायच्या होत्या आणि कागद विकत आणायचा नव्हता. वहीची पानं मी फाडू दिली नाहीत. तेव्हा एकाला सुचलं की घराघरांत सध्या कागदाला तोटा नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बीड जिल्ह्यातल्या ७०४ गावांत त्या रविवारी मतदान होतं आणि सरपंच थेट लोकांतून निवडायचा होता. प्रत्येक पॅनलने घरोघरी पत्रकं वाटली होती. एका बाजूला हात जोडलेले उमेदवार, चिन्ह, आश्वासनं. दुसरी बाजू कोरी, पांढरीशुभ्र, गुळगुळीत. पोरांनी दोन दिवसांत गठ्ठे जमवले. छापील बाजू आत घेऊन दुमडायचं, मधून सुतळी न्यायची, त्रिकोण कापायचा आणि खळ लावायची. कपबशी छत्रीला चिकटली. एकमेकांच्या घरचा चहा न पिणारी दोन माणसं एका पताकेत तोंडाला तोंड लावून बसली. एक आड एक पताका निळीच्या पाण्यात बुडवून काढायची आणि तुळशीपाशी वाळत घालायची.

खळ ज्वारीच्या पिठाची. मैद्याची जास्त चिकट होते, पण मैदा विकतचा आणि ज्वारी घरची. पीठ आधी थंड पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओतायचं, सतत हलवायचं, पळीला चिकटून सुटेनासं झालं की उतरवायचं. डिसेंबरात पहाटे दव पडतं, त्याने पहिल्या रात्रीच्या निम्म्या पताका सुटून सुतळी उघडी पडली. मग उरलेल्या ओसरीच्या आतच बांधल्या, बाहेर फक्त कापड.

माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिला तो सूर्य. अर्जेंटिनाच्या झेंड्यात मधोमध चेहरा असलेला सोन्याचा सूर्य आहे. १८१० च्या मे महिन्यात त्या देशाने स्पेनविरुद्ध पहिलं पाऊल टाकलं, म्हणून त्याला मे महिन्याचा सूर्य म्हणतात. त्याला बत्तीस किरणं, सोळा सरळ, सोळा नागमोडी, एक सोडून एक. हे मी मोबाईलवर मोठं करून दाखवलं आणि मुलांनी माझ्याआधी मोजलं. आता परातीने काढलेल्या गोलाचे बत्तीस समान भाग कसे करायचे? कंपासपेटी होती, कोनमापक होता, पण एक पाचवीतला मुलगा वर्तमानपत्राचा गोल कापून नुसता घड्या घालत बसला. एक घडी, दोन भाग. दुसरी, चार. पाचव्या घडीला कागद इतका जाड झाला की त्याने दाताने दाबला. उघडला तेव्हा बत्तीस रेघा परातीच्या मापात बरोबर बसल्या होत्या. मी त्याला हे कुणी शिकवलं विचारलं. तो म्हणाला, आजी पोळी अशीच मोडती. हे मला पटलं नाही, पोळीला कुणी पाच घड्या घालत नाही, पण गणित बरोबर होतं.

सोनेरी कागद पोळ्याच्या पेटीत मिळाला. बैल तर गाड्यांना जुंपून फडावर गेलेले. त्यांचे गोंडे, झुली, शिंगांची बेगड, घुंगूरमाळा मात्र घराघरांत पेटीत होत्या. शेजारच्या आजींनी बेगड दिली, पण आधी आठवण सांगितली. ज्या बैलाची ती बेगड होती तो त्या साली पहिल्यांदाच कारखान्याला गेला होता. घुंगूरमाळा मुलांनी गोल झाल्यावर वाजवायला मागून घेतल्या. सूर्याचा चेहरा सातवीतल्या त्या मुलीने काढला, रथसप्तमीला रांगोळीत काढतात तसा, मोठे डोळे, कपाळाला टिळा. अर्जेंटिनाच्या सूर्याला टिळा नाही हे मी सांगितलं. ती म्हणाली, "इथं आलाय म्हणल्यावर लावावाच लागतो."

या झेंड्याची जन्मकथा मी त्यांना सांगितली. मान्वेल बेलग्रानो या सेनानीने तो पहिल्यांदा फडकवला २७ फेब्रुवारी १८१२ ला, पाराना नदीच्या काठी, रोसारिओ गावी. आणि त्याच रोसारिओत १९८७ मध्ये मेस्सी जन्मला. मुलांना यातलं काहीच नवलाचं वाटलं नाही. झेंडा ज्या गावचा, पोरगा त्या गावचा, हे त्यांना सरळच वाटलं. अंबाजोगाईचं सांगितलं तेव्हा मात्र ते थांबले. आपल्याच जिल्ह्यात, चारशे वर्षांपूर्वी, दासोपंतांनी चाळीस फूट लांब कापडावर ओव्या लिहिल्या, आकृत्या काढल्या, ती पासोडी आजही आहे. एवढ्या लांब कापडावर लिहिताना शाई फुटत नाही का, असं एकाने विचारलं. आदल्याच दिवशी निळीची रेघ सरळ ठेवायला धडपडलेल्या पोराचा तो प्रश्न होता. काही प्रश्न हाताने काम केल्याशिवाय डोक्यात येत नाहीत.

फुटबॉलच्या सजावटीत हाताचं काम जगभर आहे, हे मला नंतर वाचताना कळत गेलं. ब्राझीलमध्ये विश्वचषकाआधी लोक आपापला रस्ता स्वतः रंगवतात आणि हिरव्या-पिवळ्या पताका घरी कापतात. केरळात कोझिकोडजवळच्या पुल्लावूरला त्याच नोव्हेंबरात नदीत मेस्सीचा तीस फुटी आणि नेमारचा त्याहून उंच पुठ्ठा उभा राहिला आणि त्याचं चित्र जगभर गेलं. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती अर्जेंटिनातलीच १९७८ ची गोष्ट. तिथे लष्करशाही होती, विश्वचषक त्यांच्याच देशात होता. प्रेक्षक वर्तमानपत्रं फाडून त्यांचे कपटे मैदानात उधळायचे. रेडिओवरचा तेव्हाचा मोठा समालोचक मुन्योस लोकांना सांगू लागला की कागद टाकू नका, जगासमोर देश घाणेरडा दिसेल. त्याला उत्तर दिलं ते कालोई नावाच्या व्यंगचित्रकाराने. 'क्लारिन' दैनिकातल्या त्याच्या क्लेमेंते या पात्राने रोज लोकांना सांगितलं, कागद टाका. लोकांनी क्लेमेंतेचं ऐकलं. २५ जूनला नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात मैदानाचं गवत कागदाखाली गेलं होतं. ज्या देशात तोंडाने बोलायला बंदी होती तिथे लोकांनी कालचं वर्तमानपत्र फाडून हवेत सोडलं. ही गोष्ट मी पोरांना सांगितली नाही, पण पताकांचे कातरलेले तुकडे टाकून देऊ नका, पिशवीत ठेवा, एवढं सांगितलं.

इथे मला फ्लेक्सबद्दल बोलायचं आहे, कारण तो विषय माझ्या मनाला लागलेला आहे. आमच्या जिल्ह्यात आता कुठलाही आनंद फ्लेक्सवर छापून येतो. वाढदिवस, निवड, जत्रा, श्रद्धांजलीसुद्धा. तालुक्याला फोन करायचा, फोटो पाठवायचा, संध्याकाळी बांबूला बांधायचा. त्यात कुणाचा हात लागत नाही आणि कुणाचा चेहरा सुटत नाही. कोणाचा फोटो मोठा, कोणाचा लहान, यावरून वैरं झालेली आहेत. एका तरुणाने आमच्या सामन्यासाठीही फ्लेक्स देऊ केला होता, मेस्सीच्या बाजूला त्याच्या भावाचा फोटो टाकून. भाऊ उमेदवार होता. पोरांनी नको म्हटलं. आचारसंहिता त्यांना ठाऊक नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्ही केलंय ते झाकलं जाईल. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला आणि तो अजून कमी झालेला नाही.

शनिवारी संध्याकाळी दारावरचं धोतर बघून एक आजोबा पारावरून उठून आले. "कोण्या पॅनलचा झेंडा हाय हा?" त्यांनी विचारलं. कुण्याच नाही, असं कळल्यावर ते ओसरीत आले, टेकले आणि बोलता बोलता सुतळीला गाठी मारू लागले. मग दुसऱ्या पॅनलच्या प्रचारात फिरणारी एक मावशी आली. ती मुळात पत्रकं का फाडायलात ते विचारायला आली होती. तिच्या हातात मुलांनी कात्री दिली. त्या संध्याकाळी आमच्या ओसरीत तिन्ही पॅनलांची माणसं एका सुतळीला लागलेली मी पाहिली. उद्या एकमेकांविरुद्ध बटण दाबणार होती ती. पण आभाळी रंगात कुणाचंच काही अडकलेलं नव्हतं, म्हणून त्याला हात लावायला कुणाला भीती वाटली नाही. पंधरा वर्षांत मी गावात असं दृश्य पाहिलेलं नाही.

आणि मग गाड्या आल्या. मतदानासाठी फडातली माणसं आणायला पॅनलवाल्यांनी गाड्या लावल्या होत्या. एक मत इकडचं तिकडे गेलं तरी सरपंच बदलतो. शनिवारी मध्यरात्रीपासून क्रूझर आणि पिकअप येत राहिल्या. हिवाळ्यात अंगावर घोंगड्या घेतलेले आई-बाप उतरले. ज्या पोरांनी दसऱ्यानंतर आई पाहिली नव्हती ती झोपेतून उठून दारात आली. सकाळी साडेसातपासून मतदान, संध्याकाळी साडेपाचला संपलं. मुकादमांचे फोन सुरूच होते. सोमवारी सकाळी फडात कोयता चालला पाहिजे. गाड्या रात्री दहाला निघणार असं ठरलं.

त्या रात्री ओसरीत माणूस मावत नव्हतं. बाईमाणसं सोप्यावर, गडी अंगणात, लेकरं टीव्हीच्या इतकी जवळ की आईने दोरी बांधली. कोल्हापूरहून व्हिडिओ पाठवणारा बाप पताकांखाली उभा राहून वर बघत होता. काही बोलला नाही, एक सुटलेली पताका तेवढी पुन्हा चिकटवली. त्याच्या बायकोची बोटं पाचटाने चिरलेली होती. तिने लेकीशेजारी बसून पिशवीतले कागद आणखी बारीक फाडायला घेतले. फ्रान्सकडूनही दोन पोरं होती, एम्बाप्पे आवडतो म्हणून. त्यांनी निळ्या, पांढऱ्या आणि लाल साडीच्या फॉलची एक छोटी पताका केली होती आणि ती मानाने खिडकीला बांधली होती.

तेविसाव्या मिनिटाला मेस्सी, छत्तिसाव्याला डी मारिया. घुंगूरमाळा वाजल्या, कुत्री भुंकली. दहा वाजले तेव्हा अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होता आणि वेशीत गाडीचा हॉर्न वाजला. माणसं उठली. एकेकीने पदर खोचला, पिशव्या उचलल्या. एक लहान मुलगी आईच्या लुगड्याला धरून होती, तिला सोडवून आजीकडे देणं चाललं होतं. तेवढ्यात फ्रान्सला पेनल्टी मिळाली. ऐंशीव्या मिनिटाला एम्बाप्पेने ती मारली आणि दोन मिनिटं व्हायच्या आत दुसरा गोल केला. उठलेली माणसं उभ्याने थांबली. हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर काय झालं म्हणून बघायला आला आणि दाराच्या चौकटीत, धोतराच्या खाली बसला. मग बरोबरी, जादा वेळ, एकशे आठाव्या मिनिटाला पुन्हा मेस्सी, एकशे अठराव्याला पुन्हा एम्बाप्पे. ती दोन पोरं सोडली तर आमची सगळी लेकरं अर्जेंटिनाची. त्यांना आई-बापांचा तास-दीड तास जास्तीचा मिळाला तो फ्रान्सच्या त्या पोरामुळे. हे एका मुलाच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. तो शेजारच्याला म्हणाला, "आजून एक मारू दे त्याला." कुणी त्याला रागावलं नाही.

पेनल्टीत मोंटिएलचा शेवटचा चेंडू जाळीत गेला तेव्हा साडेअकराच्या आसपास झालं होतं. पिशव्या उलट्या झाल्या. तीन पॅनलांची आश्वासनं, चिन्हं, जोडलेले हात, सगळं बारीक होऊन ओसरीभर उडालं. आईच्या केसांत, ड्रायव्हरच्या टोपीवर, देवळीतल्या दिव्यापाशी. गाड्या बाराला निघाल्या. मंगळवारी, २० तारखेला, निकाल लागला आणि गावात गुलाल उडाला. त्याच दिवशी अर्जेंटिनात सुट्टी जाहीर होऊन ब्यूनोस आयरेसच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरल्याचं टीव्हीवर दाखवलं. आमच्याकडे निवडून आलेल्या पॅनलने मिरवणूक काढली. हरलेल्यांनी दारं लावून घेतली. आईने तोवर धोतरं धुऊन वाळत घातली होती.

२०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, पुन्हा जून-जुलैत. अंतिम सामना तिथल्या १९ जुलैच्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे वीस तारीख लागल्यावर, मध्यरात्रीनंतर. टोळ्या घरी असतील, पेरण्या उरकलेल्या असतील आणि पाऊस असेल. पावसात ज्वारीची खळ टिकणार नाही, नीळ तर पहिल्या सरीत वाहून जाईल. ती सातवीतली मुलगी आता दहावीत आहे. तिने आतापासून सांगून ठेवलंय की या खेपेला कागद नको, खताच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या. उसवल्या की आतून पांढऱ्या निघतात आणि त्यांना ऑइल पेंट बसतो. तिची आई हंगामाहून आल्यावर मी तिला हे सांगितलं. तिने कोपऱ्यातल्या गोण्यांची चळत उलगडून बघितली आणि म्हणाली, "ह्या युरियाच्या नका घेऊ, पातळ हायत. डीएपीच्या ठेवते मी बाजूला. आन् कापायला कात्री नको, ती भुसभुशीत कापती. कोयताच घिते, सरळ जातो."